बडग्याचा फोटो आणि माझी लांब लेन्स

२०२४ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. या वयात माणसाचा गुडघा बदलायचा की नाही यावर घरात चर्चा होते. माझ्या बाबतीत चर्चा कॅमेऱ्याची झाली, कारण गुडघ्यांना मी कोणाला हात लावू देत नाही.

कॅमेरा पोरीचा. ती पुण्याला असते. तिनं नवा घेतला, म्हणून जुना माझ्याकडे आला. जुन्या साड्या बोहारणीला देतात, जुना कॅमेरा बापाला देतात, अशी आता पद्धत झाली असावी. देताना म्हणाली, "पप्पा, हा नवशिक्यांचा कॅमेरा आहे, तुम्हाला जमेल." मी चौथीपर्यंत शिकलो, पण अर्ध्या नागपूरच्या लग्नांना मांडव माझा होता. बिछायत केंद्र काढलं तेव्हा माझ्याकडे एक ताडपत्री आणि थोड्या खुर्च्या होत्या, आणि शेवटी शेवटी तर मोठमोठे साहेब माझ्या गादीवर बसून माझ्याच पंख्याची हवा खायचे. त्या माणसाला नवशिक्या म्हणायला हिंमत लागते. ती माझ्या पोरीत आहे, कारण ती माझी पोरगी आहे.

तर कॅमेरा आला, त्याला पुढे एक आखूड लेन्स लावलेली होती, कंपनीनं सोबत फुकट दिल्यासारखी. मी शिकलो. कोणाला विचारलं नाही. बटणं दाबत गेलो, कधी काळं आलं, कधी पांढरं आलं, मग मधलं यायला लागलं. बिछायतीचा धंदा आता मुलगा पाहतो, म्हणजे मी सांगतो ते सोडून सगळं करतो. त्यामुळे मला वेळ होता.

सकाळी बागेत फिरायला जायचो तर गळ्यात कॅमेरा. तिथे एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब येतात. त्यांच्या गळ्यात जो कॅमेरा आहे तो पाहून पक्षी स्वतःच जवळ येत असावेत, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. त्यांच्या पिशवीला इतके कप्पे आहेत की एकदा लेन्सचं झाकण शोधता शोधता सूर्य वर आला आणि ज्या किरणांसाठी आम्ही थांबलो होतो ती किरणं आपल्या कामाला निघून गेली. त्यांचा फोटो मी एकच पाहिला, बगळ्याचा. त्यात बगळा उडून गेलेला होता.

ते मला रोज एकच सांगायचे. "भाऊ, तुमची बॉडी बदला. तुमच्या बॉडीत आता काही राहिलेलं नाही."

बाजूनं जाणाऱ्या बाया वळून पाहायच्या. मला सांगावं लागायचं की कॅमेऱ्याबद्दल चाललं आहे.

बॉडी म्हणजे कॅमेऱ्याचं धड, जे आपण हातात धरतो ते. लेन्स म्हणजे त्याच्या तोंडाला लावतात ती. एवढं समजायला चौथी पास पुरतं. पण बॉडी बदलायची की चांगली लेन्स घ्यायची, यावर बागेत रोज दोन तट पडायचे. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांची मतं जास्त पक्की होती. मला दोन्ही पटत नव्हतं, कारण दोन्ही दुसऱ्यानं सांगितलेलं होतं.

असाच मी नाही म्हणत राहिलो असतो. पण माझ्या मित्राचं काम निघालं.

हा मित्र माझ्या लग्नमांडवांच्या कमानी करायचा. कागदाची फुलं, थर्माकोलचे मोर, "सुस्वागतम" लिहिलेले फलक. पण त्याचं खरं काम पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं. त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या बायांचे पुतळे इतवारी, महालच्या गल्ल्यांतून मिरवतात, आणि त्यांच्यामागे मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. त्या वर्षी लोकांना ज्यानं जास्त छळलं त्याचं सोंग करायचं, ओरडत ओरडत गावाबाहेर न्यायचं, वर्षभराची रोगराई आणि कटकट त्याच्या डोक्यावर लादायची आणि जाळून टाकायचं. आमच्या गल्लीचा बडग्या हा मित्र करतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून करतो. आणि तेवढ्या सगळ्यांतला एकही शिल्लक नाही, कारण सगळे जळाले.

त्या वर्षी श्रावणात मी त्याच्या घरी गेलो. समोरच्या खोलीत बांबूच्या कमच्या, खळीची बादली, रद्दीचा ढीग. बडग्याचे पाय दाराशी उभे, पोट खाटेखाली, आणि डोकं फ्रिजवर. बडग्या होता रस्त्याच्या ठेकेदाराचा. आज रस्ता करायचा, उद्या नळासाठी खोदायचा, परवा केबलसाठी पुन्हा खोदायचा. डोक्यावर टोपी म्हणून उलटं घमेलं, दात फुटक्या टाइल्सचे, आणि जुन्या ट्यूबचे गुडघ्याएवढे बूट. बूट असे केले होते की कोणी मापाचा माणूस असता तर घालून गेला असता.

त्याची सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, ते डोकं काढा जी फ्रिजवरून. दूध काढायले गेली का तो मले पाह्यते."

"पाहू दे. ठेकेदार हाय. त्याले पाहाचीच सवय हाय, करत काई नाई," मित्र म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हा शेवटचा गा."

"काहून?"

त्यानं हात पुढे केला. हात थरथरत होता. त्यानं तो लपवला नाही, मीही पाहिला नाही असं केलं नाही.

"गाठ बसत नाई आता," तो म्हणाला. "तुह्याजवळ कॅमेरा हाय. मले याचा एक फोटो काढून दे. अख्खा. टोपीपासून बुटापर्यंत. इतके केले, पण घरात एकाचाही फोटो नाई."

"एवढे मोबाईलवाले येतात ते?"

"ते आपल्या थोबाडाचा काढतात. मागं माह्या बडग्याचा एक हात येते."

हे खरं होतं. मी हो म्हणालो. साध्या कामाला हो म्हणताना माणूस विचार करत नाही. पण घरी आल्यावर मला वाटायला लागलं की हा त्या माणसाचा शेवटचा बडग्या, दुपारी जळणार, दुसरी संधी नाही, आणि माझ्या गळ्यात काय, तर नवशिक्यांचा कॅमेरा. आधी जोडून फोटो काढावा म्हटलं तर ते होत नाही. अख्खा बडग्या घरात मावत नाही, बाहेर ठेवला तर पावसात गळतो. तो त्याच दिवशी सकाळी गल्लीत उभा करतात, डोकं सगळ्यात शेवटी बसतं, आणि डोकं बसलं की पोरं उचलून पळतातच.

मी बागेत सहज म्हणून विषय काढला. बँकवाले साहेब लगेच म्हणाले, "बॉडी, भाऊ. गर्दी, हालचाल, ढगाळ उजेड. बॉडीशिवाय पर्याय नाही. लेन्समध्ये पैसे घालू नका, फसाल."

झालं. त्या क्षणी मी लेन्स घ्यायचं ठरवलं.

सदर भागात कॅमेऱ्यांचं एक दुकान आहे. काउंटरवरचा माणूस चांगला होता, त्यानं मला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. म्हणाला, "काकाजी, बॉडी का क्या है, दरवर्षी नवीन निघते, जुनी कचऱ्यात. लेन्स जिंदगीभर चालते." हे ऐकून बरं वाटलं. जिंदगीभर म्हणजे माझ्या हिशेबानं किती, हे त्यानं विचारलं नाही, तेवढा तो सभ्य होता.

मग त्यानं दोन लेन्स काढून ठेवल्या. एक बुटकी, चहाच्या कपाएवढी. दुसरी लांब, पोलिसाच्या टॉर्चसारखी. दोघींचा भाव जवळजवळ सारखा.

"काय काढायचं आहे तुम्हाला?" त्यानं विचारलं.

आता याला सांगत बसायचं का, की मित्र आहे, बडग्या आहे, घमेल्याची टोपी आहे. मी म्हणालो, "सगळं."

तो म्हणाला, "तरी पण, जवळचं का दूरचं?"

"सगळं म्हटलं ना."

मी बुटकी उचलून पाहिली, लांब उचलून पाहिली. मी जन्मभर बिछायतीचा धंदा केला. लहान मांडवाचा भाव लहान, मोठ्या मांडवाचा मोठा. त्याच भावात कोणी मोठा मांडव देत असेल आणि आपण लहान घेतला, तर त्याला व्यवहार म्हणत नाहीत. मी लांब घेतली. आणि घरी जुनी आखूड लेन्स कशाला पडू द्यायची, म्हणून ती त्याच दुकानात देऊन टाकली, थोडी सूट घेतली. दुकानदार म्हणाला, "काकाजी, ही राहू द्या ना, कामी येईल." मला वाटलं सूट द्यायला नको म्हणून बोलतो आहे.

घरी बायकोनं लेन्स पाहिली. "हे काय जी, पाइप आणला?"

"लेन्स हाय. दूरचं जवळ दिसते."

"चष्मा लावला तरी दिसते. बडग्याचा फोटो काढाले पाइप लागते काय? शेजारच्या पोरीले सांगा, फोनमधून काढून देईन."

"तुले नाई समजत वं यातलं."

"मले नाई समजत," ती म्हणाली, आणि करंजीचं सारण हलवत राहिली. तिचं असं मान्य करणं मला कधीच आवडलेलं नाही.

लेन्स मी गच्चीवरून तपासली. तीन गल्ल्यांपलीकडच्या टाकीवरचं शेवाळ दिसलं. एका घरच्या वाळत घातलेल्या पापडांवर कावळा बसला होता, त्याचं नखसुद्धा दिसलं. मी समाधानानं खाली आलो. जवळचं काही काढून पाहायचं मला सुचलं नाही. जवळचं काढायला एवढी मोठी लेन्स कोण आणतो.

मारबतीच्या सकाळी गल्लीत बडग्या उभा राहिला. काय उभा राहिला म्हणून सांगू. घमेलं विजेच्या तारांना टेकत होतं. पोरांनी ढोल वाजवायला सुरुवात केली. मित्र शिडीवर चढून मानेला शेवटची सुतळी बांधत होता, दोघांनी त्याचे पाय धरले होते. बांधून झालं, उतरला, आणि माझ्याकडे पाहून त्यानं फक्त मान हलवली. म्हणजे, घे.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. मला एक दात दिसला.

मागे सरकलो. दोन दात दिसले. आमची गल्ली अशी आहे की समोरासमोरच्या ओट्यांवर बसलेल्या बाया एका सुपात गहू निवडतात. मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकलो, तेव्हा मला ठेकेदाराची अर्धी मिशी मिळाली. कॅमेरा खाली केला तर बुटाचं टोक. तेही धूसर, लेन्स कुरकुर करत पुढे मागे फिरत होती आणि इतक्या जवळचं काही मला दिसत नाही म्हणून सांगत होती. त्या बाबतीत ती माझ्यासारखीच निघाली.

मित्र विचारत होता, "आला का?"

"येऊन राहिला."

"अख्खा?"

"तू घाई नको करू गा."

बँकवाले साहेब आले नव्हते. गर्दीत कॅमेऱ्याला गुलाल लागतो, असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणजे माझ्या या विजयाला साक्षीदार कोणी नव्हता, ही एक देवाची कृपा. चहूबाजूंनी मोबाईल वर गेलेले होते, प्रत्येकात आपलं आपलं थोबाड. शेजारची पोरगी माझ्या शेजारीच उभी होती. तिला एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं. तो शब्द काही माझ्या तोंडातून आला नाही. मग पोरांनी बडग्या उचलला, खोकला ताप माश्या डास सगळं घेऊन जा म्हणत ओरडले, आणि निघाले.

चौकापर्यंत मित्र सोबत आला. तिथून तो वळला. आमच्या गल्लीची अशी रीत आहे की ज्यानं बडग्या केला त्यानं तो जळताना पाहायचा नाही. चौकातून मागे न बघता घरी जायचं, अंघोळ करायची, जेवायचं. वळताना तो मला म्हणाला, "संध्याकाळी ये. पाहू."

तो पाठ करून निघाला आणि मी उभा राहिलो. कॅमेऱ्यात दात, मिशी, बुटाचं टोक, आणि एका ढोलवाल्याचा कान. एवढ्यावर मी संध्याकाळी त्याच्या खाटेवर जाऊन बसणार होतो. मी ठेकेदाराच्या मागे निघालो.

गुडघ्यांचं काय झालं ते मी सांगणार नाही, ते माझं आणि गुडघ्यांचं. मिरवणूक गल्ल्यांतून थांबत, नाचत जात होती, म्हणून मला गाठता आली. पण प्रत्येक गल्ली तशीच अरुंद. कुठे मला घमेलं मिळालं, कुठे पोट. शेवटी नाल्यापलीकडचं मैदान आलं, जिथे आमचे बडगे जाळतात. मैदानात गर्दीचा असा गराडा की मला फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. नाल्याच्या अलीकडे एक लॉन आहे, लग्नाचा. तिथे दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचं स्टेज लागलेलं होतं. स्टेज आमचंच. मुलगा खिळे कमी ठोकतो, हे मला वर चढताना पुन्हा कळलं.

स्टेजवर उभा राहून मी नाल्यापलीकडे पाहिलं. दूर. आता एवढी लांब लेन्स घेतली ती दूरसाठीच ना. डोळ्याला लावली, आणि ठेकेदार आला. अख्खा. लोकांच्या डोक्यांवर उभा, वर घमेलं, खाली बूट, मागे ढगाळ आकाश. जणू त्या लेन्सनं मला सकाळपासून सांगितलं होतं की इथे ये आणि मीच ऐकलं नव्हतं, पण तसं काही मी तिला म्हणालो नाही.

बटण दाबलं तेव्हा बुटांना आग लागलेली होती.

मी दाबत राहिलो. ट्यूबचे बूट काळा धूर सोडत गेले, मग पोट, मग मान एकदम कलली आणि घमेलं खाली पडलं. मी थांबलो तेव्हा मैदानात ढीग होता आणि पोरं परत वळली होती.

संध्याकाळी मित्राकडे गेलो. तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसला होता. सुनेनं चहा आणला.

"अख्खा आला?"

"आला," मी म्हणालो. "पण जरा उशिरा."

मी त्याला कॅमेऱ्यामागची काच दाखवली. त्यात शेवटचा फोटो आधी दिसतो, मग त्याच्या आधीचा, असं मागे मागे जावं लागतं. त्याला पहिल्यांदा राख दिसली. मग राखेतून एक कमची उभी राहिली. मग पोट भरलं, घमेलं उडून डोक्यावर बसलं, मान सरळ झाली. शेवटी टोपीपासून बुटापर्यंत ठेकेदार उभा, फक्त बुटांना जाळ.

मित्रानं कॅमेरा डोळ्यांजवळ ओढला. त्याची सून मागून वाकून पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, करणाऱ्यानं जळताना पाहाचं नसते ना जी?"

"मी कुठं पाहून राहिलो," तो म्हणाला. "यानं पाह्यलं. मी फोटो पाहून राहिलो." मग माझ्याकडे, "पुढं घे. मघाच्यावर थांब."

मी पुढे घेतलं. मान कलली तिथे त्यानं बोट ठेवलं. बोट काचेवर टकटक वाजत होतं, थरथरीनं.

"पाह्य. मान पोटाच्या आधी गेली. बांध ढिला होता."

"आग लागल्यावर मान जाईनच ना गा."

"मान शेवटी जायले पाह्यजे. पोट जळते, लोक पाह्यतात, आन् तोंड वरून पाहातच राह्यते, तव्हा मजा येते."

"तुले काय माहीत? तू तं एकही जळताना पाह्यला नाई."

"म्हणूनच तं ढिला बांधत आलो न इतके साल," तो म्हणाला, आणि पुन्हा मागे घ्यायला सांगितलं, पुन्हा पुढे. चहा गार झाला. असं किती वेळा केलं मी मोजलं नाही. शेवटी कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाला, "पुढच्या साली मानंले तार घालू."

"तू तं शेवटचा म्हणत होता."

"मी बांधीन म्हटलं काय? बांधशीन तू. मी खाटंवर बसून सांगीन. तुले तसंही दुसऱ्याचं ऐकाची सवय लागली पाह्यजे."

सूनबाईला हे पसंत नव्हतं. फोटो मोठा करून भिंतीवर लावायचं त्यानं म्हटल्यावर तर अजिबात नाही. "घराबाहेर काढलेली पीडा घरात टांगता काय जी?"

"जळताना दिसते ना," तो म्हणाला. "गेली, याचा पुरावा हाय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी सदरला जाऊन पायरीवर बसलो. दुकानदारानं फोटो मोठा छापून दिला. छापता छापता म्हणाला, "काकाजी, मोठं केल्यावर दाणे दिसून राहिले, पाहा. आता बॉडी अपग्रेड करून टाका." मी म्हटलं, दाखव. त्यानं दाखवली. मी हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली, वजन आवडलं नाही म्हणून परत ठेवली आणि पुढच्या वर्षी पाहू म्हणालो. तिथून मित्राकडे गेलो. फ्रिजच्या वरच्या भिंतीवर खिळा मीच ठोकला, त्याच्या हातानं ठोकला गेला नसता. फोटो टांगला. तो खाटेवरून पाहून म्हणाला, वाकडा हाय. मी म्हटलं, नाही. तसाच ठेवला.